धुतलेलं लुगडं

ते १९५८ साल. नंदुरबार तेव्हा नुसता तालुका होता आणि मी कोरीटला नवी सून. उन्हाळ्यात गावातल्या बायका आळीपाळीने एकमेकींकडे पापड लाटायला जमत. कुणाकडे कधी जायचं ते माझ्या थोरल्या जाऊबाई, वत्सलाबाई, ठरवत. कुणावर काही प्रसंग आला तरी त्याच बायका धावत.

त्या साली कपाशीच्या वेचणीत मापाड्याने फुलीबाईला गोदामात ओढलं. ती आमच्या शेतात वेचायला येणारी, भिकनची बायको. धडपडत आमच्या मागच्या दारी आली. जाऊबाईंनी तिला पोटाशी धरलं.

"सुगंधा, पानी तापाड. लिंबना पाला टाक."

आम्ही तिला न्हाऊ घातलं. तिचं लुगडं दगडावर आपटून स्वच्छ धुतलं. जाऊबाईंनी स्वतःचं नवं हिरवं लुगडं तिला नेसवलं, ओटी भरली. मोठ्या दुखण्यातून उठलेल्या बाईचं आम्ही असंच करायचो. यापलीकडे काही करायचं असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. निघताना फुलीबाई एवढंच म्हणाली, "मी पोलिसमा जासू."

नंदुरबारच्या कोर्टात आम्ही बायका गेलो, घरी पापडाचं निमित्त सांगून. जाऊबाईंच्या यजमानांना, मोतीलाल भाऊजींना, मात्र खरं ठाऊक होतं. ते जाऊबाईंना म्हणाले, "बठवाले जा. पन तोंड उघाडू नको. आपली बाई साक्षीले उभी ऱ्हायनी ते लोके काय म्हनतीन?"

मापाड्याच्या वकिलाने फुलीबाईला विचारलं, "त्या दिवशीचं लुगडं कुठे आहे?"

"धुयी टाकं."

"कोणी?"

फुलीबाईने आमच्याकडे पाहिलं. जाऊबाईंचा पदर नाकापर्यंत खाली आला.

"मीच धोयं," फुलीबाई म्हणाली.

"वा. एवढी अब्रू गेली आणि बाई धुणं धूत बसली."

कोर्टात लोक हसले. आम्ही खाली बघत राहिलो. तिची चूल आमच्या शेतावर पेटत होती म्हणून ती खोटं बोलली, की आमची कीव आली म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. मापाडी सुटला.

दुसऱ्या दिवशी ती हिरवं लुगडं घेऊन दारात उभी राहिली. "हाई तुमनं लुगडं, बाई. धुईसन आनेल शे."

जाऊबाईंना ते हातात घेववेना. मीच घेतलं.

त्या उन्हाळ्यात पापड लाटता लाटता जाऊबाईंनी बायकांना सगळं सांगितलं. असं कुणावर आलं तर न्हाऊ घालायचं नाही, लुगडं धुवायचं नाही, आधी दवाखाना. दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारून आल्या होत्या. पुढच्या वर्षी धानोऱ्याला त्यांच्या मावसबहिणीच्या, तापीबाईंच्या ओट्यावर हेच बोलणं झालं. नंदुरबारच्या पेढीवाल्या कंचनबाईंनी कोर्टाच्या तारखेला येणाऱ्या बायकांसाठी दुकानावरची खोली दिली. आमच्या या मंडळाला नाव नव्हतं. 'पापडाला चाललो' म्हटलं की बायकांना कळायचं.

१९६३ साली धानोऱ्याच्या रंजनाबाईवर तोच प्रसंग आला. तापीबाईंनी तिला होती तशी बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं आणि जाऊबाईंना बोलावून घेतलं. साक्षीला या वेळी जाऊबाई उभ्या राहिल्या. वकिलाने विचारलं, "एवढं सगळं तुम्हाला शिकवलं कोणी?"

"फुलीबाईनी. तिन्हं लुगडं मी धोयं व्हतं. ती मन्हासाठे खोटं बोलनी, अनि मी तठेच बठेल व्हती."

मोतीलाल भाऊजी उठून कोर्टाबाहेर गेले.

रंजनाबाईवर हात टाकणाऱ्याला शिक्षा झाली. ती पुढे शिवणकाम शिकली आणि प्रत्येक तारखेला नव्या बाईशेजारी बसू लागली. कंचनबाईंची खोली त्यांच्या सुनेनेही चालू ठेवली. तापीबाई साथीच्या तापात गेल्या. भाऊजी वर्षभर जाऊबाईंशी बोलले नाहीत. नंतर कुणी न सांगता तेच तारखेच्या दिवशी गाडी जुंपू लागले. मापाडी मरेपर्यंत कापूस मोजत होता, आणि लोक त्याला रामराम घालत होते. हिरवं लुगडं जाऊबाई कधी नेसल्या नाहीत. त्या गेल्यावर ते माझ्या पेटीत आलं.

जाऊबाईंनी साक्ष दिली तेव्हा फुलीबाई भिकनसोबत गुजरातेत ऊस तोडायला गेली होती. होळीला ती परत आली, तेव्हा जाऊबाई तिच्या झोपडीवर गेल्या आणि कोर्टात काय बोलल्या ते सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली,

"आते? इतला वरीसनंतर?"

जाऊबाई तिथेच खाली बसल्या. फुलीबाईने त्यांना 'बसा' म्हटलं नाही, की 'उठा'ही म्हटलं नाही.