एक अँपिअरचा जीव

मी एक जुना मोबाइल चार्जर आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात कुठल्या तरी डब्यात माझी भावंडं पडलेली असतील. माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलं आहे : पाच व्होल्ट, एक अँपिअर. एवढीच माझी ताकद.

जूचंद्र गावच्या श्रीपतदादांच्या छोट्या फोनची मी इमानेइतबारे सेवा केली. "हा चार्जर म्हंजे सोनं," असं दादा चारचौघांत सांगत. मग मोठा फोन आला, स्वतःचा चार्जर घेऊन, आणि माझी रवानगी बिस्किटांच्या डब्यात झाली. फार वाईट वाटलं.

दादांची भातशेती खाडीला लागून आहे. मध्ये मातीचा बांध आणि बांधात उघाडी, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर सोडणारं आणि भरतीला आपोआप मिटणारं लाकडी दार. त्यात काही अडकलं की खारं पाणी आत शिरतं आणि भात गेलंच म्हणून समजा. म्हणून दादांची इंजिनीअरिंग शिकणारी लेक मनाली हिनं पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर आणला. कॅमेऱ्यानं तो दारावर नजर ठेवणार, मनालीच्या फोनवर फोटो पाठवत राहणार आणि पाणी शिरलं की भोंगा वाजवणार.

त्याला तीन अँपिअर लागतात, असं खोक्यावर छापलेलं होतं. मनाली नवा अडॅप्टर आणायला निघाली, तर दादा म्हणाले, "डब्यात येवढे चार्जर पडलेत गो! नवा कशाला?"

तिनं माझे व्होल्ट वाचले. "पाचच आहेत बाबा. चालून जाईल." पुढचं तिनं वाचलंच नाही. मीही हुरळलो. इतक्या वर्षांनी मला कुणी हातात घेतलं होतं!

बांधावरच्या पंपघरात मला लावलं. कॉम्प्युटर सुरू झाला, पण त्याला जोडलेल्या पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेची खूण लुकलुकू लागली. ती वीज कमी पडत असल्याची खूण, म्हणजे माझी धाप होती. मनालीला वाटलं, फोनसारखं चार्जिंग चालू असेल. भोंगा मात्र कुणी वाजवून पाहिलाच नाही. बांधावरून आवाज आला की आमचं गाव हातातलं टाकून फावडी घेऊन धावतं. उगाच लोकांना कोण पळवणार?

सर्वपित्री अमावास्येची दुपार होती. खाडीला उधाण आलं होतं, भातात दाणा भरत होता. घरोघरी पितरांचं पान वाढायची गडबड, बांधावर चिटपाखरू नाही. पाण्याबरोबर एक ओंडका वाहत आला आणि दारात अडकला.

कॉम्प्युटरनं ते पाहिलं. त्यानं भोंग्याला हुकूम सोडला आणि तो, कॅमेरा, भोंगा अशा सगळ्यांनी मिळून माझ्याकडे वीज मागितली. मी होती नव्हती तेवढी दिली. पुरली नाही. कॉम्प्युटर बंद पडला, पुन्हा उठला, पुन्हा हुकूम, पुन्हा बंद. भोंग्यातून नुसती कुरकुर निघे. माझं अंग चटका बसेल इतकं तापलं. खालून पाणी शिरल्याचा आवाज येत होता आणि मला ओरडता येत नव्हतं.

घरी मनालीनं फोन उघडला. "बाबा, एवढं उधाण, आणि फोटोत पाणी मघाएवढंच कसं?" क्षणात तिचा चेहरा उतरला. "हा मघाचाच फोटो आहे! ते बंद पडलंय!"

"पानी शिरलं असंल! धाव गो!" दादांनी वाढलेलं पान तसंच सोडलं.

दोघं चिखल तुडवत आली. कमरेइतक्या पाण्यात उतरून त्यांनी ओंडका ओढून काढला. दार मिटलं. अर्धं शेत वाचलं, अर्धं गेलं.

मनालीनं मला उपटलं तेव्हा तिची बोटं पोळली. मग कुठे तिनं माझी पाठ पूर्ण वाचली. "एकच अँपिअर," ती म्हणाली आणि तिथेच बसून रडली.

दादांनी तिच्या हातातून मला घेतलं. मग म्हणाले, "त्याचा काय दोस नाय गो. आपन त्याला इचारलंच नाय."

मित्रांनो, आता तिथे तीन अँपिअरचा धडधाकट अडॅप्टर आहे आणि गावाला आधी सांगून भोंगा वाजवून बघतात. मी दादांची रात्री उजेडाला लागणारी हातबॅटरी चार्ज करतो. तेवढं मला झेपतं. तुम्हाला एकच विनवणी आहे. कुणालाही कामाला जुंपण्याआधी त्याची ताकद नीट वाचा आणि सगळं ओझं एकदा देऊन बघा, पाणी लांब असतानाच. आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही. आम्ही मुकाट्यानं जळतो, आणि शेत तुमचं जातं.