ओटीपी बाबांच्या फोनवर

विजयकुमारांच्या शर्टाच्या खिशात फोन पुन्हा टिंग वाजला, आणि त्यांनी पुन्हा ऐकू न आल्यासारखा चहाचा घोट घेतला.

"बाबा, ओटीपी आला," प्रणिता म्हणाली.

"येऊ दे."

प्रवेशाच्या काउन्सिलिंगच्या साइटवर त्यांचाच नंबर दिलेला होता. कॉलेज आणि ब्रँचचा क्रम पाचच्या आत लॉक झाला नाही तर पोरीचं हे वर्ष गेलंच म्हणायचं, आणि ओटीपीशिवाय काही लॉक होत नव्हतं. हे पक्कं ठाऊक होतं म्हणून तर स्वारी दुपारपासून क्वार्टरच्या हॉलमध्ये ठाण मांडून बसली होती. डाव्या हातात कप, उजवा हात नेहमीसारखा पँटच्या खिशात दडवलेला.

प्रणितानं पहिल्या नंबरवर बायो-इंजिनियरिंग टाकलं होतं. थोडं इंजिनियरिंग, थोडं कम्प्युटर, आणि वरून जीवशास्त्र.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," विजयकुमार म्हणाले. "मेकॅनिकल वर कर, मंग सांगतो ओटीपी."

"नाई करत."

"मंग बस बोंबलत."

"बसते."

बापाचीच पोर ती, वाकते कसली!

मेकॅनिकलवर त्यांचं फार प्रेम होतं असंही नाही. खरं दुखणं वेगळंच होतं. महिन्यापूर्वी पोरीनं त्या ब्रँचची साइट उघडून दाखवली, तेव्हा सगळ्यात आधी दिसला तो एक यंत्राचा हात. पाच बोटं, पांढरी, चकचकीत. तो पाहिला आणि यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा उरला होता. बाकीची चार बोटं उतई गावात, मेव्हण्याच्या शेतावर, कडबा कापायच्या मशीननं नेली. उभा जन्म भिलाईच्या स्टील प्लांटात, रोलिंग मिलमध्ये काढला, तिथं साधा ओरखडा नाही, आणि बोटं घेतली ती बैलाच्या चाऱ्यानं! भिलाईत लोकांना वाटे, प्लांटमध्येच गेली असतील. विजयकुमारही तसंच वाटू देत. तेव्हापासून हात खिशात. लग्नाकार्यात ते पंगतीला बसत नसत, कुणाला हात जोडत नसत. आणि आता पोटची पोर चार वर्षं त्याच हातावर शिकणार, होस्टेलभर सांगत सुटणार, की आमच्या बाबांना बोटं नाहीत हो, म्हणून ही ब्रँच घेतली. दया! घरातल्या घरात दया! त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

फोन परत वाजला.

"अहो, द्या ना," स्वयंपाकघराच्या दारातून सुशीला म्हणाली. "पोरीच्या जन्माचा सवाल आहे."

"तू मधात पडू नको."

"बाबा, तुम्ही दुश्मनी काढून राहिले का माझ्यावर?" प्रणिताचा आवाज चिरका झाला होता.

"हो, काढून राहिलो!" कप आदळून ते उठलेच. "मी काय तुह्या प्रोजेक्टचा नमुना आहे? माह्या हातावर करिअर करायचं आहे तुले? मले नाई पायजे तुमचा रबरी पंजा! मी मागितला नव्हता अन् मागणार नाई!"

इतक्या वर्षांत त्या हाताचा विषय त्यांनी पहिल्यांदाच तोंडातून काढला होता. सुशीला दारातच थिजली. प्रणिताला मात्र खरोखरच काही कळलं नव्हतं.

"हात? यात तुमचा हात कुठून आला?"

"चित्र पाहिलं मी."

"ते? ते तर वेबसाइटवाल्यांनी टाकलं आहे. हद है! बाबा, मी रेणूसाठी घेऊन राहिली ही ब्रँच."

रेणू म्हणजे मरोदा वस्तीतली तिची वर्गमैत्रीण. सिकलसेलवाली, रक्ताचा जन्मजात आजार. शाळेतून येताना अंगात कळा उठल्या की ती याच सोफ्यावर आडवी व्हायची. 'नाटकं करते पोट्टी, अभ्यास चुकवायले,' असं विजयकुमार एकदा तिच्या देखत म्हणाले होते. त्यानंतर ती या घरात आली नाही.

"तिच्या रक्तात इत्तीशी गडबड आहे, जन्मापासून. कम्प्युटरवर ते वाचता येते, दुरुस्त करणारेही लोक आहेत. मले त्यांच्यातलं व्हायचं आहे," प्रणिता म्हणाली. "महिना झाला भांडून राहिलो आपण. एकदा तरी विचारलं का तुम्ही, काहून घेतं ही ब्रँच म्हणून? सगळ्यात तुमचाच हात!"

विजयकुमार पुन्हा खाली बसले. महिनाभर ज्या दयेशी ते झुंजत होते, ती कुणी करतच नव्हतं. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पोरीच्या त्या चार वर्षांत आपण कुठंच नाही, हे त्यांना दयेपेक्षाही जास्त झोंबलं.

फोन वाजला. त्यांनी तो डाव्या हातानं काढला, लांब धरला आणि एकेक आकडा वाचून दाखवला. प्रणितानं टाइप केला.

"झालं लॉक," ती आईकडे बघून म्हणाली.

"रेणूची तब्येत कशी आहे आता?" विजयकुमारांनी विचारलं.

"बारावीची परीक्षा नाई देऊ शकली. तुमाले कायले पायजे?"

मग, कुणी सांगितलेलं नसताना, त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी ठेवला. उघडा. सुशीलानं पदर तोंडाशी नेला. आता पोरगी बघेल, त्यांना वाटलं; काहीतरी बोलेल, टोमणा का असेना.

प्रणितानं पाहिलं.

"हात बाजूले घ्या बाबा," ती म्हणाली. "चार्जर लावायचा आहे."