विजेची दोन मिनिटं

शुक्रवारी साडेअकराला पिक्चरचे आवाज जुळवणारा आमचा आवाजवाला चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी टेकला. "काल मोठ्या पडद्यावर पाहिला आपला पिक्चर," तो म्हणाला. "गोष्टीत दम नाही, पण ती वीज! दोन मिनिटं नुसती थरथरते. डोळे दिपले माझे."

"थरथरते?" मी विचारलं. "ती तर एकसारखी पेटलेली असते."

"मॅडम, चष्मा बदला," म्हणत तो गेला.

माझं काम चित्रपटातल्या प्रकाशाची उघडझाप तपासण्याचं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा झगमग झाली तर काहींना, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलांना, फिट येऊ शकते. मशीन मोजतं, मी आकडे पाहून सही करते. पूर्ण प्रत फार जड. मशीनमध्ये चढायलाच दिवस जातो. म्हणून आमच्याकडे सगळे हलकी प्रत तपासतात. म्हणजे सेकंदाला असलेल्या चोवीस चौकटींतली, फ्रेममधली, एक ठेवायची, पुढची गाळायची, असं एकाआड एक. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कधी काही अडलं नव्हतं.

मी पूर्ण प्रतीतला तेवढाच भाग मागवून उघडला आणि एकेक चौकट पुढे सरकवली. पांढरी. काळी. पांढरी. काळी. हलक्या प्रतीत नेमक्या काळ्या तेवढ्या गळाल्या होत्या. मशीनला सलग उजेड दिसला होता. खरी उघडझाप सेकंदाला बारा वेळा होती.

ताईची मुलगी, जिला आम्ही सगळे खारूताई म्हणतो, त्या क्षणी हाच पिक्चर बघत बसली होती. सोळा वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला दोनदा फिट आली, दुसऱ्यांदा नाचाच्या दिव्यांत. महिनाभर तिने या पिक्चरसाठी घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी ताईने मला फोन केला होता, "तू हो म्हणालीस तरच पाठवते." मी म्हणाले होते, "बिनधास्त पाठव. मीच तपासलाय."

शो अकराला सुरू झाला होता. वीज सत्त्याण्णवाव्या मिनिटाला. खारूताईचा फोन बंद. ताईला लावायची हिंमत झाली नाही. टॅक्सीतून साहेबांना लावला.

"चारशे थिएटरांत लागलाय," ते म्हणाले. "आता थांबवायचा? कोणाच्या सहीवर सोडला तो?"

"माझ्या."

"मग सोमवारी बोलू."

थिएटरच्या दारावरच्या माणसाने तिकीट मागितलं. खिडकीवरून काढलं. आत शिरले तेव्हा चार मिनिटं उरली होती. पुढून तिसरी रांग, मधली खुर्ची. जागा सांगताना खारूताईने केवढा भाव खाल्ला होता. पडदा जवळ असला की डोळ्यांत तेवढाच जास्त भरतो. ती नेमकी वाईटात वाईट जागी बसली होती.

लोकांच्या गुडघ्यांना धडकत तिच्यापर्यंत पोचले.

"मावशी? तू इथे? कोणी गेलं का?"

"ऊठ. बाहेर चल."

"आत्ता? अगं, आता तोच सीन येतोय! याच्यासाठी तर दीड तास जांभया देत बसलेय."

"ओ काकू," मागून आवाज आला, "बसा तरी, नाहीतर डोकं काढून बाजूला ठेवा."

पडदा पांढरा झाला.

नुसत्या पापण्या मिटून भागत नाही, उजेड पापणीतूनही आत जातो. एक डोळा घट्ट झाकला तर धोका बराच कमी होतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. कोणावर करून पाहिलं नव्हतं. मी तिच्या उजव्या डोळ्यावर तळवा दाबला आणि तिचं तोंड माझ्या खांद्यात खुपसलं.

"सोड ना!"

"गप्प. हलू नकोस."

सगळं सभागृह क्षणात दिसत होतं, क्षणात नाहीसं होत होतं. शेकडो चेहरे, तोंडं उघडी. खरंच, इतकं सुंदर काही मी पडद्यावर पाहिलं नव्हतं. मी त्या चेहऱ्यांमध्ये कोणाची मान लटकतेय का ते शोधत होते. मग तळव्याखाली काहीतरी फडफडलं. तिची पापणी. भरभर, थांबून, पुन्हा भरभर. ती चिडून उघडायला बघत होती की ही सुरुवात होती? फिट येताना पापण्या अशाच फडफडतात. मी तिचं नाव घेतलं. उत्तर आलं नाही. पुन्हा घेतलं.

तिने माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला.

एवढं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

वीज संपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या सभागृहात कोणी पडलं नाही. उरलेल्या थिएटरांचं मला माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढा गाजावाजा, आणि आत काय? नुसता झगमगाट. माणसं तर पुठ्ठ्याची. बघण्यासारखी ती दोनच मिनिटं, आणि तीही तुझ्या खांद्याचा वास घेत बघितली."

फोनवर साहेबांचा निरोप होता: 'सगळे त्या सीनवर फिदा आहेत. काही झालं नाही ना? मग विषय वाढवू नका.'

दुपारच्या शोची रांग लागली होती. एका बापाच्या खांद्यावर पाच-सहा वर्षांची पोर बसली होती, पिक्चरचं चित्र छापलेला सदरा घालून.

मी तिथेच उभ्याने लिहिलं: 'मी हलकी प्रत तपासली, पूर्ण नाही. माझी सही रद्द समजा. विजेचा भाग काढेपर्यंत दाखवू नका.' खाली नाव, हुद्दा. ज्यांचे ज्यांचे पत्ते होते त्या सगळ्यांना पाठवलं.

"नोकरी जाईल ना?" खारूताईने विचारलं.

"जाईल बहुतेक. तुझ्या आईला मी आजच सांगणार आहे."

"तिच्यापेक्षा नोकरी गेलेली परवडली."

उत्तर यायला वेळ लागणार होता आणि रांग पुढे सरकत होती. मी दारावरच्या माणसाकडे गेले. "हा शो थांबवा. निदान आतले दिवे चालू ठेवा आणि लहान मुलांना मागे बसवा."

"दिवे लावून पिक्चर? लोक मला फाडून खातील, बाई. आणि हे सांगतंय कोण?"

"जिने हा पिक्चर पास केला, ती," मी म्हणाले, आणि दारात आडवी उभी राहिले.