कुणाचीही वायर चालेल

आज काय तो सोक्षमोक्ष लागणार होता. सगळ्या उपकरणांना चार्जिंगची एकच वायर, हा नियम ठरल्यातच जमा होता. घोडं अडलं होतं ते कानाच्या मशीनपाशी. त्यालाही हीच वायर, की त्याला वगळायचं? प्रयोगशाळेतल्या ताईंचा जीव नुसता टांगणीला लागला होता. घरी त्यांचे आप्पा वर्षभर मुकाट बसून होते. त्यांचं कानाचं मशीन ठणठणीत, पण चार्जर बिघडला, आणि तसला चार्जर बनवणंच कंपनीनं बंद केलेलं. आता माणसानं काय करावं?

प्रयोगशाळेतच भरलेल्या बैठकीत ताईंनी कानाचं नवं मशीन त्या वायरीला लावलं, हिरवा दिवा लागला. पण कंपनीचे साहेब काय कच्च्या गुरूचे चेले थोडेच! म्हणाले, ही तर प्रयोगशाळेची कोरी करकरीत वायर. लोकांच्या घरातल्या पिळवटलेल्या वायरींवर हे नाजूक यंत्र चालेल कशावरून? अध्यक्षबाईंनाही ते पटलं. वापरातली वायर आणा, मग बघू, म्हणाल्या.

झाली ना पंचाईत! इमारतीत वायरींचे ढीग, पण वापरलेली औषधालाही नाही. तपासायच्या वायरींत सरमिसळ नको म्हणून आत येणाऱ्याची वायर फाटकावरच काढून घ्यायचा नियम, आणि तो केलेला खुद्द ताईंनी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पण काढून घेतलेल्या वायरी जातात कुठे? ताई पदर खोचून धावल्या, फाटकावरचा डबाच उचलून आणला. मागून रखवालदार धापा टाकत आला.

पहिली वायर चिकटपट्टीत गुंडाळलेली. दिवा लागेना. साहेब गालातल्या गालात हसले.

"ती माझी," रखवालदार ओशाळून म्हणाला. "तिच्यावर माझाही फोन चालत नाही. नुसती आशेवर ठेवलीय."

बैठक खो खो हसली. ताईंनी स्वयंपाकघरातल्या मावशींची पिठाळलेली वायर लावली. लागला दिवा! ड्रायव्हरकाकांची लावली, तरी लागला. मग हाताला आली ती दातांनी कुरतडलेली. ही कुणाची, म्हणून ताईंनी विचारलं. शेवटी साहेबच खाकरले. त्यांच्या कुत्र्याचा पराक्रम होता तो. तिच्यावरही दिवा लागला, आणि कानाचं मशीन नियमात बसलं.

नवी मशीनं बाजारात येताच ताईंनी आप्पांसाठी एक आणलं. धाकट्याच्या खेळण्याची वायर काढून त्याला लावली, त्यानं घर डोक्यावर घेतलं. घेऊ दे! मशीन भरल्यावर ताईंनी ते आप्पांच्या कानात बसवलं आणि हळूच विचारलं, ऐकू येतंय का.

आप्पा दचकून त्यांच्याकडे बघतच राहिले.

"तुझा आवाज कधी गं झाला तुझ्या आईसारखा?" ते म्हणाले. "परत बोल."