सहाव्या घरातली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनं रिव्हॉल्वर आहे. जवळ येऊ नका, तिथूनच ऐका.

शंभर वर्षांपूर्वी कनेक्टिकटमधल्या एका नदीकाठच्या कारखान्यात माझा जन्म झाला. निळसर काळं पोलाद, अक्रोडाची मूठ, पोटात एक चक्री आणि त्या चक्रीला सहा घरं. एका घरात एक काडतूस. पाठीवर हातोडी. ती अंगठ्यानं मागं ओढायची, चाप दाबायचा, की ती समोरच्या काडतुसावर आपटते. पण आमच्या जुन्या जातीची एक गोष्ट ध्यानात ठेवा. हातोडी खाली विसावलेली असली, तरी तिचं टोक काडतुसाला टेकलेलं असतं. वरून एक दणका पुरतो, चापाला हात लावावा लागत नाही. म्हणून जाणती माणसं पाचच काडतुसं भरतात आणि हातोडी रिकाम्या घरावर ठेवतात.

वायोमिंगमधल्या टिबेट्स घराण्यानं मला गुरं राखायला घेतलं. आजोबा गेले, वडील गेले, आणि मी एमेट आणि वेंडेल या दोघा भावांकडे आलो. एमेट बावीसचा, वेंडेल सतराचा. त्या वसंतात वासरांमागं कोल्हे लागले होते.

"दादा, आज सहाही भरतो. एक जास्त असू दे," वेंडेल म्हणाला.

"भर की. तुझा नेम बघता सहाही कमीच पडतील," एमेट हसला आणि मला कमरेला लावून घोडीवर खोगीर चढवायला गेला. पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना पाय ठेवायची लोखंडी रिकीब मध्ये येते, म्हणून ती उचलून खोगिराच्या पुढच्या खुंटावर अडकवतात. सगळेच तसं करतात. त्या दिवशी ती खुंटावरून निसटली आणि थेट माझ्या हातोडीवर पडली. गोळी एमेटच्या मांडीत गेली. डॉक्टर चाळीस मैलांवर होता. वेंडेलनं आपला सदरा फाडून जखमेवर बांधला, पण रक्त काही थांबलं नाही.

मी काहीच करू शकलो नाही, मित्रांनो. माझं कामच मुळी तेवढं एक.

त्यानंतर वेंडेलनं एका कागदाच्या चिटोऱ्यावर भावाचं नाव लिहिलं, त्याची घट्ट गुंडाळी केली आणि माझ्या सहाव्या घरात बसवली. बेचाळीस वर्षं ती तिथंच होती. तेल देताना तो ती काढायचा आणि पुन्हा ठेवायचा. का, ते मात्र त्यानं कुणालाही सांगितलं नाही. मुलीला, लव्होनला, एवढंच ठाऊक होतं की एक काका तरुणपणी वारला.

पुढं वेंडेलचा गुडघा गेला. गुरांची रँच जावयाकडे आली आणि मीही. जावई रॉइस, स्वभावानं चांगला, पण हौशी.

"यात पाचच भरायची," वेंडेलनं बजावलं.

"का बरं, मामा? हल्ली तर सगळे सहाही भरतात."

म्हाताऱ्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली. तिथंच घोडं पेंड खातं. नव्या रिव्हॉल्वरांत आत एक आडकाठी असते, माझ्यात नाही, एवढं एक वाक्य तो बोलला असता तरी पुरलं असतं.

गेल्या शनिवारी रॉइस मला गावच्या सभागृहात प्रदर्शनाला घेऊन गेला. तिथं निकाल द्यायचा होता की आमच्या कारखान्याचा खरा वारसा कोणतं रिव्हॉल्वर चालवतं.

"हेच!" पांढऱ्या मिशांचा परीक्षक हॉबर्ट मला उचलून म्हणाला. "बाकी सगळी पोरंसोरं."

"काहीतरीच काय!" शेजारचा मिलबर्न उसळला. "अंगठा मोडेस्तोवर ओढत बसायचं, हा कसला वारसा? बोटाच्या एका दाबात चालतं ते खरं. पोलिसांनी उगाच का इतकी वर्षं वापरलं?"

"तुझी अक्कल चरायला गेलीय, मिलबर्न. आजोबाच नसता तर नातू आला असता कुठून?"

असं बोलत हॉबर्टनं माझी चक्री फिरवली आणि थबकला. "हा कचरा कसला रे?"

"म्हाताऱ्याची खोड," रॉइस हसत म्हणाला. हॉबर्टनं टाचणीनं चिठ्ठी उकरली आणि कॉफीच्या उष्ट्या पेल्यात टाकली. मला निळी फीत मिळाली. टाळ्या वाजल्या. खरं सांगतो, मला आनंद झाला. त्या आनंदाची आता मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरं डोंगरावर न्यायची होती. रॉइसनं मला भरलं. चार, पाच. मग रिकामं घर बघून त्यानं खांदे उडवले आणि सहावं काडतूस बसवलं. हातोडी त्यावर टेकली. ते टेकणं मला बेचाळीस वर्षांनीही ओळखीचं होतं.

घरात, हे मला नंतर कळलं, लव्होन वडिलांना अंडी वाढत होती. "बाबा, तुमची ती चिठ्ठी हॉबर्टनं काढून टाकली हं. जपून ठेवायची तरी कुठं!"

वेंडेलच्या हातातला काटा गळून पडला. तो काठी न घेताच बाहेर आला. कुंपणापलीकडे रॉइस घोडीचा तंग आवळत होता. रिकीब खुंटावर अडकवलेली, आणि तिच्या बरोबर खाली, त्याच्या कमरेला मी. वेंडेलला ओरडावंसं वाटलं असेल, पण ओरडला असता तर घोडी बुजली असती. म्हणून तो मोडका गुडघा ओढत, ओठ मिटून चालत आला. चाळीस पावलं. मी ती एकेक करून मोजली.

घोडीनं अंग झटकलं. रिकीब निसटली.

ती पडली वेंडेलच्या हातावर. तोवर पोचून त्यानं आपला पंजा माझ्या हातोडीवर धरला होता. बोटं फुटली, पण मी गप्प राहिलो.

"अहो, हे काय करताय?" रॉइस दचकला.

वेंडेलनं मला काढून घेतलं आणि सहाही काडतुसं मातीत ओतली. मग तो तिथंच खाली बसला आणि पहिल्यांदा सगळं बोलला. एमेट, कोल्हे, सदरा. "सहावं मी भरलं होतं रे. मी," म्हणत तो लहान पोरासारखा रडला. लव्होन दारात उभी राहून ऐकत होती.

मग त्यानं खिशातून पेन्सिल आणि कागदाचं चिटोरं काढलं आणि रक्ताळल्या बोटांनी त्यावर एक नाव लिहिलं. रॉइसनं वाकून वाचलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. ते नाव त्याचं होतं.

"मेलेल्याचं नाव लिहून काय उपयोग झाला?" वेंडेल म्हणाला. "यापुढं जित्याचं लिहिणार."

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. मला खुशाल गंजू द्या. ती निळी फीतही कुणाला हवी तर घेऊन जा. पण मला कधी हात लावू नका, आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, तुम्ही कशाबद्दल गप्प आहात? माझी हातोडी अजून तशीच आहे. तिच्याखाली सध्या एक कागद आहे, एवढंच.