खरे पाय

सकाळी पावणेसातला फोन वाजला तेव्हाच तिला कळलं, काहीतरी अडलंय. नवरा एरवी फोन करत नाही, रात्रपाळी संपली की सरळ दारात उभा राहतो.

"बदलीचा माणूस आला नाही," तो म्हणाला. मागे गाड्यांची घरघर. "दुपारपर्यंत सुटका नाही. सामानाचे डोंगर लागलेत इथे."

तो विमानतळावर सामान चढवायच्या कामाला. सुट्टीचे दिवस आले की सारी दुनिया आपापल्या घरी निघते आणि त्या दुनियेच्या बॅगा याच्या हातांखालून जातात. याची स्वतःची बॅग चार वर्षं कपाटावर पालथी पडलेली.

"मग मुलींचं काय?"

"तेच म्हणतोय. पाळणाघर..."

"दहा दिवस बंद. चिठ्ठी तुलाच वाचून दाखवली होती."

"शेजारची?"

"गावाला गेली. अख्खी इमारत गावाला गेलीय. जिन्यात आपल्याच चपला वाजतात."

सुट्टी टाक, असं काही तो म्हणाला नाही आणि तिनंही सुचवलं नाही. ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना उठवायच्या, न्हाऊमाखू घालायच्या, भरवायच्या कामाला होती. सहा महिन्यांची उमेदवारी या महिनाअखेर संपत होती. तिथल्या प्रमुख, ज्यांना ती घरी 'मोठ्या बाई' म्हणे, त्यांनी कायम केलं तर राहायचा परवाना तीन वर्षांनी वाढणार होता. नाही केलं, तर थोरलीची तिसरी अर्ध्यात सोडून गाशा गुंडाळायचा. नवऱ्याचं काम कंत्राटी, त्याच्या जोरावर परवाना मिळत नव्हता. आणि मोठ्या बाईंचा नियम एकच, पण दगडावरची रेघ: कामावर मुलं आणायची नाहीत.

"नेते बरोबर," ती म्हणाली आणि त्याने 'नको' म्हणायच्या आत फोन ठेवला.

थोरली आठ वर्षांची, तिने स्वतःच बूट चढवले. धाकटी पाच वर्षांची. तिला एकावर एक तीन कपडे घातले की हात बाजूला उभे राहत आणि ती डोलत चाले, म्हणून घरात तिचं नावच 'गाठोडं' पडलं होतं.

"खोकला येतोय का गं कुणाला?" आईने दोघींच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"मला शिंक येते," गाठोडं म्हणालं.

"आत्ता?"

"नाही. कधी कधी."

रस्ते ओस पडले होते. दुकानांच्या जाळ्या खाली ओढलेल्या, आत दिवे मात्र जळत ठेवलेले. बसमध्ये चालक आणि या तिघी. थोरली म्हणाली, "आई, आपल्या एकट्यांनाच बस मिळाली." ती म्हणाली, "हो, राणीला रथ मिळतो तसा," आणि खिडकीबाहेर बघत राहिली. भीती वाटली की तिला हसवायचं सुचतं, ही तिची जुनीच खोड.

मागच्या दाराशी धोबी उभा होता. वृद्धाश्रमाच्या चादरी, टॉवेल, रुमाल सगळं त्याच्या हाताखालचं. आडदांड माणूस, तिसऱ्याच देशाचा. त्याची भाषा वेगळी, हिची वेगळी, आणि ज्या भाषेत दोघं बोलत ती दोघांचीही मोडकी, त्यामुळे त्यांचं चांगलं जमे.

"ही दोन बोचकी धुवायची की इस्त्री करायची?" त्याने विचारलं.

"दोन वाजेपर्यंत ठेवायची. कुणाला न दिसता."

त्याने डोकं खाजवलं. "मोठ्या बाई आज आहेत."

"ठाऊक आहे."

"त्यांना ऐकू फार येतं."

"तेही ठाऊक आहे."

त्याने इस्त्रीच्या खोलीचं दार पायाने उघडलं. आत ऊब होती. त्याने इस्त्रीचं बटण बंद करून ती उंच फळीवर ठेवली, मुलींना टेबलाशी बसवलं आणि पुढ्यात रुमालांचा ढीग ओतला. "चौकोनी घडी. जी जास्त करेल ती साहेब, दुसरी नोकर."

तिने जाता जाता दोघींच्या डोक्यावरून हात फिरवला. कामाला लागली की ओव्या आपोआप तिच्या ओठांवर यायच्या, जुन्या कमी, तिथल्या तिथे जोडलेल्या जास्त. आताही आली.

*लेकी माझ्या दोघी, जशा साडीच्या दोन घड्या,*
*एक बोले फार, दुजी मारी नुसत्या उड्या.*

मग सकाळ नेहमीसारखी धावली. तीनला नातेवाईक भेटायला येणार, म्हणून आज सगळ्यांना नीटनेटकं व्हायचं होतं. घड्याळजी आजोबांची दाढी. एके काळी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि अजूनही ते दाढी करणाऱ्याला सांगत, "सावकाश, काटा मोडेल." मास्तरीणबाईंचे केस, त्यांना भांग मधोमध लागे, सूतभर डावीकडे गेला तर पुन्हा. टोपीवाल्या आजींच्या पायांना तेल. त्यांनी चाळीस वर्षं टोप्या शिवल्या होत्या. आता बोटं वाकली होती, पण समोर कुणी आलं की त्याच्या डोक्याचं माप डोळ्यांनी घेत. ही सगळी मंडळी तिच्या मुलींना तोंडपाठ होती. रोज संध्याकाळी आज घड्याळजी काय म्हणाले, मास्तरीणबाई कुणावर रागावल्या, हे सांगितल्याशिवाय घास उतरत नसे.

तेल लावताना तिला नेहमी आईचे पाय आठवायचे. दर रविवारी घरात एक कार्यक्रम असे. स्टुलावर, डब्याला टेकवून फोन उभा करायचा. तिकडे तिच्या आईला कॅमेरा फिरवता येत नसे, म्हणून ती माउली गप्पा झाल्या की खुर्चीत मागे रेलून दोन्ही पायच उचलून फोनसमोर धरायची. "हं, पडा गं पाया लौकर, पोटऱ्या भरून येतात." मुली वाकून काचेला कपाळ लावत. मग ती इकडे पडद्यावरचे तेलकट डाग पदराने पुसे. धाकटी घर सोडलं तेव्हा जेमतेम वर्षाची होती. पाया पडायचं म्हणजे काचेला डोकं लावायचं, एवढंच तिला माहीत.

*दूरच्या गं देशी, माझी आई पाय धुते,*
*काचेच्या पल्याड पाणी, माझी ओंजळ कोरडी राहते.*

"काय गुणगुणतेस?" टोपीवाल्या आजींनी विचारलं.

"काही नाही. हिशेबाने तेल लावतेय."

"मग हिशेब चुकला. डाव्या पायाला कमी पडलं."

दोन वाजून पाच मिनिटांनी ती इस्त्रीच्या खोलीत आली. रुमाल चौकोनी, त्रिकोणी आणि काही कुठल्याच आकारात न बसणारे. धोबी म्हणाला, "साहेब कोण ते ठरलं नाही. मीच नोकर झालो." तिने मुलींना जाकिटं घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि दोघींचे हात धरून ती मागच्या जिन्याकडे निघाली. वाटेत मोठ्या दालनाचं काचेचं दार होतं. तेवढं ओलांडलं की बारा पायऱ्या, आणि मग रस्ता.

गाठोडं दाराशीच थांबलं.

आत वीस-बावीस म्हातारी माणसं अर्धगोलात बसली होती. भेटीची वाट बघत, आवरून सावरून. आणि सगळ्यांचे पाय पुढे ठेंगण्या स्टुलांवर ठेवलेले: लोकरीचे मोजे, विणलेल्या सपाता, एक पाय प्लास्टरमधला, टोपीवाल्या आजींचे तेल लावलेले, उघडेच.

"आई," गाठोडं पुटपुटलं, "खरे पाय."

"चल."

"पाया पडून येऊ?"

"आज नको."

"तूच म्हणतेस ना, म्हाताऱ्या माणसांच्या घरातून तसंच निघायचं नाही."

"ते फोनवरच्यांना," थोरली दबक्या आवाजात म्हणाली. "इथे आईला ओरडा बसेल."

"पण हे तर खरेच आहेत," गाठोडं म्हणालं. त्याला प्रश्न कुठे आहे तेच कळत नव्हतं.

तिच्या मुठीत धाकटीची बोटं होती, रुमालांच्या उबेने अजून गरम. एक हिसका पुरला असता. चार वर्षांत असे किती हिसके दिले होते, तिलाच आठवेना. इथे नको, आत्ता नको, हळू बोल, लोक बघतात. या देशात मुलींना तिने सर्वांत जास्त वेळा काय म्हटलं असेल, तर 'आज नको'. आपल्या गावी असती तर पोर कुणाच्याही ओसरीवर जाऊन वाकली असती आणि कुणीही पाठीत धपाटा घालून 'मोठी हो' म्हटलं असतं.

तिने हात सोडला.

गाठोडं डोलत आत गेलं. पहिले भेटले घड्याळजी. ते त्यांच्यासमोर वाकलं, तसे आजोबाही वाकले. "काय पडलं? स्क्रू का?" म्हणत जमीन चाचपू लागले. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. मास्तरीणबाईंना वाटलं, आपल्या सपातेची नाडी सुटलीय, त्यांनी लगबगीने पाय मागे घेतले. "मी बांधीन माझी, मला येतं." प्लास्टरवाल्यांनी खिशातलं पेन काढून दिलं, प्लास्टरवर सही करायला आलीय असं त्यांना वाटलं. थोरली दाराशी अर्धा क्षण उभी राहिली आणि मग, शहाणी माणसं शेवटी हार मानतात तशी, तीही मागोमाग निघाली.

गाठोडं टोपीवाल्या आजींपाशी आलं. काच नव्हती. कपाळ सरळ कातडीला टेकलं. ते दचकून उठलं आणि आईकडे वळून दालनभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालं, "आई, गरम आहेत."

टोपीवाल्या आजींना शब्द कळला नाही. त्यांनी त्या डोक्यावर वाकडी बोटं ठेवली, कानापासून कानापर्यंत फिरवली आणि म्हणाल्या, "बावन्न सेंटिमीटर."

"ही मुलं कुणाची?"

पलीकडच्या दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. करडे, आखूड केस, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"माझ्याकडे आलीत," घड्याळजी कपाळ चोळत म्हणाले.

"तुमच्याकडे? अकरा वर्षांत तुमच्याकडे कुणी आलं नाही."

"लांबून आलीत. वेळ लागला."

दोघं-तिघं हसले. तिला एवढंच करायचं होतं, गप्प राहायचं. थोरली तिच्याकडे टक लावून बघत होती.

"माझ्या आहेत," ती म्हणाली. "सकाळपासून इथे आहेत. न विचारता आणल्या. धोब्याचा काही दोष नाही."

तेवढ्यात गाठोडं मोठ्या बाईंपुढे जाऊन उभं राहिलं, त्यांना बुटांपासून केसांपर्यंत न्याहाळलं आणि आईला काहीतरी विचारलं.

"काय म्हणाली ती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

ती अवघडली. पण आज खरं बोलायला सुरुवात झालीच होती. "विचारतेय, तुम्ही म्हाताऱ्या आहात का."

मोठ्या बाईंनी किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "सांगा, निवृत्तीला सहा वर्षं आहेत अजून."

तिने सांगितलं. गाठोड्याने मान डोलावली आणि ते पुढच्या खुर्चीकडे गेलं.

मोठ्या बाईंनी तिला बाहेर बोलावलं. "मी आज तुमचं कायमचं पत्र लिहिणार होते," त्या म्हणाल्या. "आता तीन महिने उमेदवारी वाढवते. कारणही लिहावं लागेल."

"परवानाही मग तेवढाच मिळेल."

"हो."

"मी विचारलं असतं, तर?"

"नाहीच म्हटलं असतं. मग तुम्ही घरी बसला असता, आणि या सगळ्यांना आंघोळ कुणी घातली असती ते मला ठाऊक नाही." त्या जरा थांबल्या. "दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पोराचा खोकला आला. तिसरा मजला अख्खा आडवा झाला. चार खोल्या मी माझ्या हाताने रिकाम्या केल्या. मुलींवर राग नाही माझा."

"कळतं मला," ती म्हणाली. आणि तिला खरंच कळलं, हेच अवघड होतं. रागावता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

"आत किती राहिलेत?" मोठ्या बाईंनी काचेतून पाहिलं.

"सात-आठ."

"होऊ द्या पुरे. नाहीतर उरलेले मला विचारत बसतील, आम्हालाच का वगळलं." मग वळून म्हणाल्या, "जाताना हात धुवायला लावा."

बस यायला वीस मिनिटं होती. थांब्यावर मुली बाकाच्या दोन टोकांना बसून भांडत होत्या. जास्त पायांना हात कुणी लावला, असा काहीतरी वाद. तिने नवऱ्याला फोन लावला.

"घरी पोचलोय," तो म्हणाला. "तुम्ही कुठे? कुणी पाहिलं नाही ना?"

"पाहिलं."

ती बाकापासून दोन पावलं दूर गेली.

"तीन महिने वाढवलेत. पत्र नाही."

"मुलींनी गोंधळ घातला?"

"नाही रे. मी धरला होता हात. मीच सोडला."

रात्रभर लोकांच्या बॅगा उचललेल्या माणसाचा श्वास तिला ऐकू येत होता. तो रागावेल असं तिला वाटलं, आणि रागावला असता तरी तिने मान खाली घालून ऐकलं असतं.

"तीन महिने," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे थोरलीची परीक्षा तरी होऊन जाईल."

"तेवढी होईल."

"बरं, या. भात टाकलाय. आल्यावर सगळं सांग, पहिल्यापासून. काय काय झालं ते."

समोरून रिकामी बस आली. तिने फोन खिशात टाकला आणि मुलींना हाका मारल्या.