थर्मासात चहा नव्हता

मित्रांनो, झाकणाला पोचा आलेला हा जुना थर्मास म्हणजे मी. कारखान्यात माझ्या पोटात काचेची बाटली बसवली, वर निळा पत्रा चढवला आणि मी जालन्याच्या बाजारात येऊन उभा राहिलो. वडीगोद्रीच्या संपत गुरुजींनी मला घेतलं ते हौसेनं नाही. त्यांच्या पत्नी मालनबाई गळ्याच्या गाठीनं दवाखान्यात होत्या, त्यांना चहा नेण्यासाठी. माझ्यातला चहा शेवटच्या दिवशीही गरमच होता. मालनबाई मात्र गेल्या.

डॉक्टरांनी गुरुजींना बसवून समजावलं. अशी गाठ आईकडून लेकराकडे येऊ शकते. ती कॅल्सिटोनिन नावाचं एक प्रथिन रक्तात सोडते. बोटांना गाठ लागायच्या आधीच ते वाढतं, आणि मुंबईत ते मोजता येतं. लेक बेबीनंदाचं रक्त तपासायलाच हवं होतं. पण तिचं लग्न ठरलेलं. तिला मुंबईला नेलं तर गावभर होईल, सोयरीक मोडेल, या धास्तीनं गुरुजींची झोप उडाली. शेवटी जालन्यातच रक्त काढलं, कुपी बर्फात ठेवली आणि तो बर्फ माझ्या पोटात. ऊब लागली तर प्रथिन नासणार होतं. थर्मास घेऊन निघालेल्या माणसाला कोण काय विचारणार, असं गुरुजींना वाटलं.

विचारलंच की! स्टेशनवर नेमके व्याही भुजंगराव भेटले. जय भीम घालून शेजारी टेकले आणि माझ्याकडे बघून हसले.

"थर्मासात च्या असंल, गुरुजी. घोटभर पाजा की."

व्याह्याला चहा नाही म्हणायचं तरी कसं? त्यांचा हात माझ्या झाकणावर आला. गुरुजींनी तो धरला. काहीतरी खोटं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना ते जमेना.

"च्या न्हाई, भुजंगराव. माझ्या बेबीचं रगत हाये. आईचा आजार तिला हाये का, ते बघायला नेऊन राह्यलो."

भुजंगरावांनी आपला हात सोडवून घेतला. भीतीनं माझी काच तडकते की काय, असं मला झालं.

"मंग असं उन्हात काहून ठेवलं?" ते म्हणाले. त्यांनी मला उचलून सावलीत नेलं आणि गाडी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही.

प्रथिन वाढलेलंच निघालं. बेबीनंदाची गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काढावी लागली. आत ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती, कुणाच्याच बोटाला न लागलेली. लग्न पुढे ढकललं, पण झालं ते भुजंगरावांच्याच घरी.

पुढे तिला मुलगी झाली. पोर चालू-बोलू लागली तशी बेबीनंदा तिला घेऊन स्वतःच मुंबईला निघाली. शेजारच्या गोजरबाईंनी कुठं म्हणून विचारलं, तर लेकीचं रगत तपासायला, असं तिनं भर रस्त्यात सांगितलं. मला कुणी सोबत घेतलं नाही. मी फळीवरच राहिलो.

मित्रांनो, अडगळीत पडल्याचं दुःख मलाही होतं. त्या दिवशी मात्र झालं नाही. झाकून ठेवायला चहा आहे, बर्फ आहे. आजाराला झाकण लावू नका.